महासाथ आणि नित्याचे औषध

(ब्रह्माघाट येथे मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी दोन शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली, याबद्दल प्रथम आभार मानतो. या व्यासपीठावरून काशीतील मराठी वस्तीचा इतिहास, येथील शास्त्रीपंडितांची परंपरा, पेशवाईतील घाट आणि वाडे या विषयांवर आमच्याहून अधिकारी व्यक्तींनी आपणांस पुष्कळ ऐकविले आहे. तो आमचा प्रांत नव्हे. आम्ही साधे बी.ए.; आयुष्य केंद्र शासनाच्या नोकरीत, टिपणी आणि परिपत्रके यांत गेले. वैद्यकशास्त्राचाही आमचा अभ्यास नाही. तरीही एका आरोग्यविषयक प्रश्नावर बोलण्याचे आम्ही योजिले आहे. त्याचे कारण पुढे आपोआप स्पष्ट होईल.

विषय असा की, २०२० साली कोरोनाची महासाथ आली तेव्हा ज्यांना ती झाली त्यांचे काय झाले, हे आपण सर्व जाणतो. परंतु ज्यांना ती झालीच नाही आणि ज्यांच्या घरी रक्तदाब, मधुमेह, दमा, संधिवात, मूत्रपिंडाचा विकार अशी जुनी दुखणी आधीपासून मुक्कामास होती, त्यांचे काय झाले? त्यांची वास्तपुस्त कोणी केली?

या सभेत वेदशास्त्रसंपन्न मंडळी बसली आहेत. त्यांच्याच भाषेत आमचे म्हणणे मांडण्याचे धाडस करतो. कर्मे दोन प्रकारची, नित्य आणि नैमित्तिक, असे आपण मानतो. स्नानसंध्या हे नित्य. ग्रहण लागले की करावयाचे ते नैमित्तिक. ग्रहण सुटते, नैमित्तिक संपते. नित्याला मात्र सुटी नाही. नित्यकर्म केले म्हणून विशेष पुण्य लागत नाही, पण चुकविले तर प्रत्यवाय लागतो. जुनाट आजाराच्या औषधाचे नेमके असेच आहे. रक्तदाबाची गोळी घेतली म्हणून त्या दिवशी माणसाला काही विशेष बरे वाटत नाही. न घेतली तरीही त्या दिवशी काही बिघडत नाही. प्रत्यवाय नंतर लागतो, आणि तो एकदम लागतो. महासाथीच्या ग्रहणकाळात आपल्या समाजाने नैमित्तिक बरेचसे निष्ठेने केले. नित्य मात्र चुकले. आज आम्हांस एवढेच सांगावयाचे आहे.

प्रथम आपल्या वस्तीचा विचार करू. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा हा सारा पक्का महाल. गल्ल्या अशा की समोरून नंदी आला तर आपण ओट्यावर चढावे. मोटार येथे येत नाही. रुग्णास बाहेर न्यावयाचे तर खुर्चीत बसवून चार जणांनी उचलावे आणि मैदागिनच्या रस्त्यापर्यंत न्यावे. नाहीतर घाटाच्या पायऱ्या उतरून नावेत घालावे. वाड्यांचे जिने उंच आणि अंधारे. तरुण पिढी नोकरीनिमित्त पुण्यामुंबईस, बंगळुरास, परदेशी गेलेली. मागे राहिले ते बहुतांशी साठीच्या पुढचे. अशा वस्तीत आरोग्यसेवा म्हणजे मोठे रुग्णालय नव्हे. ते आहे, कबीरचौऱ्यास आहे, विश्वविद्यालयाचे सर सुंदरलाल रुग्णालय आहे; परंतु तेथे माणूस जातो तो अडल्यावर. रोजची सेवा म्हणजे गल्लीच्या तोंडावर बसणारे डॉक्टर, त्यांच्याशेजारचा औषधवाला, आणि आपल्या मंडळात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी होणारी रक्तदाबाची तपासणी.

या पहिल्या रविवारची थोरवी आम्हांस तेव्हा कळली नव्हती. दहाबारा वृद्ध मंडळी जमत, चहा होई, डॉक्टर दंडाला पट्टा बांधीत आणि आकडा वहीत लिहून ठेवीत. "काकू, पाय सुजलेले दिसतात, मीठ वाढले वाटते," असे ते सहज म्हणत. कोणी आले नाही, तर "अमुक का आले नाहीत?" अशी चौकशी होई. हीच खरी प्राथमिक आरोग्यसेवा. तिचे भांडवल यंत्रे नव्हेत. ओळख आणि नियम हे तिचे भांडवल.

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ही महासाथ असल्याचे सांगितले. २२ मार्चला जनता संचारबंदी झाली आणि २५ मार्चपासून एकवीस दिवसांची टाळेबंदी सुरू झाली. ती पुढे वाढत गेली. रेल्वेच्या प्रवासी गाड्या थांबल्या, नावा काठाला लागल्या. काही गल्ल्यांच्या तोंडाशी बांबूंचे अडसर बसले. आमच्या गल्लीतले डॉक्टर स्वतः सत्तरीचे आणि मधुमेही. त्यांनी दवाखाना बंद केला. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. भारतीय वैद्यकीय संघटनेच्या नोंदीप्रमाणे पहिल्या लाटेतच देशातील ७४८ डॉक्टर या साथीस बळी पडले. मंडळाचे सभागृह बंद झाले, आणि पहिला रविवारही बंद झाला. तो बंद करण्याचा ठराव आम्हीच मांडला होता. तो चुकीचा होता असे आजही वाटत नाही. त्याच्या जागी दुसरे काही उभे केले नाही, ही आमची चूक.

आपल्याकडेच असे झाले असे मात्र कोणी समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेने त्या वर्षीच्या मे महिन्यात १५५ देशांकडून माहिती मागविली. त्यांपैकी ५३ टक्के देशांत रक्तदाबाचे उपचार अंशतः वा पूर्णतः खंडित झाले होते. ४९ टक्के देशांत मधुमेहाचे, ४२ टक्के देशांत कर्करोगाचे, आणि ३१ टक्के देशांत हृदयविकाराचे तातडीचे उपचारदेखील. धनाढ्य राष्ट्रेही यातून सुटली नाहीत. आपल्या देशात क्षयाच्या रुग्णांची नोंद २०१९ साली सुमारे २४ लाख झाली होती; २०२० साली ती १८ लाखांवर आली. क्षय कमी झाला म्हणून आकडा उतरला नाही. रुग्ण दवाखान्यापर्यंत पोहोचलेच नाहीत म्हणून उतरला. ज्यांना आठवड्यातून दोनतीन वेळा डायालिसिसवाचून गत्यंतर नसते, अशा अडीच हजारांवर रुग्णांची पाहणी देशातील १९ रुग्णालयांनी केली, तेव्हा सुमारे २८ टक्के रुग्णांची एक वा अधिक खेप चुकल्याचे आढळले. यंत्र चालू होते, पण यंत्रापर्यंतचा रस्ता बंद होता.

औषधांचीही एक विचित्र कथा घडली. संधिवातावर वर्षानुवर्षे दिली जाणारी हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन नावाची गोळी कोरोनावर चालते अशी वार्ता मार्च महिन्यात पसरली, आणि भल्याभल्यांनी ती घरात भरून ठेवली. शासनाला तिच्या विक्रीवर निर्बंध घालावे लागले. पुढे ती कोरोनावर निरुपयोगी ठरली. परंतु तोपर्यंत जिची बोटे त्या गोळीवाचून वळत नाहीत, अशी आपल्याच आळीतील एक भगिनी तीन आठवडे तिच्यासाठी तळमळत होती. ज्याला नको त्याच्या घरी डबा भरलेला, ज्याला हवी त्याच्या घरी रिकामा!

शासनाने काहीच केले नाही असे मात्र म्हणता येणार नाही. आणि शासनाचे मीठ खातो म्हणून आम्ही हे म्हणतो असेही कोणी समजू नये. टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, २५ मार्च २०२० रोजी, दूरध्वनीवरून वा दृश्यफितीवरून रुग्ण तपासण्याची नियमावली देशात प्रथमच लागू झाली. तीत जुन्या रुग्णाला चालू औषध पुन्हा लिहून देण्याची सोय होती. १३ एप्रिलपासून ई-संजीवनीद्वारे घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला मिळू लागला. त्याच महिन्यात आरोग्य मंत्रालयाने राज्यांना कळविले की रक्तदाब, मधुमेह आदी रुग्णांस तीन महिन्यांपर्यंतचे औषध एकदम द्यावे आणि आशा सेविकांमार्फत पोहोचवावे. केंद्र सरकारी आरोग्य योजनेच्या लाभार्थ्यांस जुन्या चिठ्ठीवर बाजारातून औषधे घेऊन पैसे परत मागण्याची मुभा मिळाली. हे शेवटचे परिपत्रक आम्ही स्वतः वाचले, त्याचा सोपा सारांश केला आणि आमच्या कार्यालयातील प्रत्येक निवृत्तिवेतनधारकास दूरध्वनी करून समजावून सांगितला. त्या कामाबद्दल आमची थोडी वाखाणणीही झाली.

आणि येथेच आम्हांस आमच्या घरची गोष्ट सांगणे प्राप्त आहे.

आमच्या काकू या ब्रह्माघाटच्या जुन्या वाड्यात एकट्या राहात. आमची आई लवकर गेली. आम्हांस वाढविले ते काकूंनी. आम्ही नोकरीमुळे छावणी भागात सरकारी निवासात. अंतर तासाभराचेही नाही. पण त्या दिवसांत तेवढेही ओलांडणे कठीण होते, आणि कार्यालयात जावे लागत असल्याने आपणच संसर्ग घेऊन जाऊ अशी भीती होती. म्हणून रोज सायंकाळी सातला आम्ही दूरध्वनी करीत असू. "काकू, ताप नाही ना? खोकला? वास येतो ना?" काकू म्हणत, "काही नाही रे बाळा. तू बाहेर हिंडतोस, तू सांभाळ." आम्ही निश्चिंत होत असू. एकशेदहा दिवसांत एकदाही दूरध्वनी चुकला नाही. या गोष्टीचा आम्हांस अभिमानही होता.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका पहाटे शेजारच्यांचा निरोप आला. काकू न्हाणीघराशी पडलेल्या आढळल्या होत्या. उजवे अंग गेले, वाचा गेली. खुर्चीत बसवून रस्त्यापर्यंत आणावयास चार माणसे जमवायची, तर हात लावण्यास लोक बिचकत होते. शेवटी वाड्यातील दोन मुलांनी आणि आम्ही त्यांना उचलले. रुग्णालयात प्रथम कोरोनाची तपासणी; तिचा निकाल येईपर्यंत थांबणे. निकाल आला, कोरोना नव्हता. "कोरोना नाही" हे ऐकून आम्हांस क्षणभर आनंद झाला, हे सांगावयास आज लाज वाटते.

नंतर वाड्यात जाऊन आम्ही त्यांचा औषधांचा डबा उघडला. रक्तदाबाच्या गोळ्या त्यात होत्या. प्रत्येक गोळीचे अडकित्त्याने नेटके दोन तुकडे केलेले होते. एप्रिलपासून काकू अर्धी गोळी घेत होत्या. पुढे शेजारणीकडून समजले. औषधाचे दुकान अडसराच्या पलीकडे होते, मुलांना पाठवावे तर, "पोराला काही लागले तर मी कोणत्या तोंडाने जगू?" असे त्या म्हणत. आणि आम्हांस सांगावे तर आम्ही धावत येऊ, म्हणून आमच्यापासूनही ते लपविले. एका महिन्याची गोळी त्यांनी दोन महिने पुरविली. अडचणीच्या काळात तूप पुरवून वापरावे, तसे त्यांनी औषध पुरवून वापरले. त्यांच्या पिढीला ती काटकसर वाटली.

एकशेदहा दिवस आम्ही ताप विचारला. गोळी एकदाही विचारली नाही. दुसऱ्यांच्या निवृत्तिवेतनधारकांस परिपत्रक समजावून सांगणाऱ्या आम्हांस, काकू त्या योजनेत बसत नाहीत एवढ्याच कारणाने, त्यांच्या औषधाची आठवण झाली नाही. काकू पुढे दोन वर्षे अंथरुणावर होत्या आणि २०२२ च्या पावसाळ्यात गेल्या. महासाथीच्या कोणत्याही यादीत त्यांचे नाव नाही, आणि ते असण्याचे कारणही नाही. तरीही त्या महासाथीनेच गेल्या, असे आमचे मत आहे. आणि त्यात आमचाही वाटा आहे.

दुसरी लाट २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत आली. तिचे वर्णन या गावात कोणी कोणाला सांगावे? मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र घाट ज्यांनी त्या दिवसांत पाहिले ते विसरणार नाहीत. परंतु त्या लाटेतही जुनाट आजाराचा धागा होताच. काळी बुरशी म्हणून जो भयंकर रोग उद्भवला, त्याचे २८ जून २०२१ पर्यंत देशात ४०,८४५ रुग्ण नोंदले गेले. आणि त्यांपैकी सुमारे ६४ टक्के मधुमेही होते. वाढलेली साखर आणि कोरोनासाठी दिलेले स्टिरॉइड यांच्या संगमावर ही बुरशी वाढते. वर्षभर साखर मोजलीच गेली नव्हती अशी किती माणसे त्यांत असतील, याचा ज्याने त्याने विचार करावा. नित्य चुकले की नैमित्तिकही अधिक क्रूर होते, असा याचा अर्थ.

आता कोणी म्हणेल, दूरध्वनीवर डॉक्टर भेटत होते ना? होते, आणि पुष्कळांचे त्याने भले झाले. पण काकूंचा दूरध्वनी बटणांचा. त्यावर चेहरा दिसत नाही. आणि चेहरा दिसला तरी पडद्यावरील डॉक्टर रक्तदाब मोजू शकत नाही. घरात मोजण्याचे साधन हवे, ते बांधता येणारा माणूस हवा, आणि मुख्य म्हणजे "मला काही होत नाही" म्हणणाऱ्या वृद्धेला "तरीही दाखवा" म्हणणारे कोणी हवे. रक्तदाब हा मुका रोग आहे. तो स्वतः हाक मारीत नाही. त्याला हाक मारून विचारावे लागते.

जेथे अशी हाक मारण्याची व्यवस्था आधीपासून होती, तेथे हानी कमी झाली. २०१७ पासून देशात रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम चालू आहे. महाराष्ट्रात प्रारंभी सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे त्यात होते. त्याची रीत अगदी साधी. औषधे मोजकीच आणि सर्वत्र सारखी, प्रत्येक रुग्णाची नोंद, आणि जो ठरल्या दिवशी आला नाही त्याचा शोध. टाळेबंदीत याच नोंदींच्या आधारे औषधे गावच्या उपकेंद्रांपर्यंत आणि काही ठिकाणी रुग्णांच्या दारापर्यंत नेता आली. ज्याचे नाव वहीत आहे त्याचीच आठवण संकटात होते. आपल्याकडेही वही होती. सभागृहाच्या कपाटात, कुलुपाच्या आत, ती तशीच पडून होती.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलावीशी वाटते. वडीलधाऱ्यांनी राग मानू नये. आपण काशीवासी. येथे देह ठेवणे हे भाग्य, अशी आपली श्रद्धा. ती आमचीही आहे. पण त्या श्रद्धेच्या आडून औषधाची हेळसांड होते. "आता काशीत बसलो आहोत, गोळ्या कशाला?" हे वाक्य आम्ही अनेक वाड्यांत ऐकले आहे. मुक्ती मिळेल तेव्हा मिळेल. पण पक्षाघात झालेला देह दोन वर्षे कुशीवर वळविण्याचा अनुभव ज्यांनी घेतला आहे, ते असे म्हणणार नाहीत. विश्वनाथाच्या दारी जातानाही पायांनी चालत जावे, यात भक्तीची काही उणीव नाही.

तेव्हा या सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळाने काय करावे, याविषयी काही सूचना नम्रपणे ठेवतो. यांना द्रव्य फारसे लागत नाही.

पहिली सूचना वहीची. या वस्तीतील साठीच्या पुढच्या प्रत्येकाचे नाव, आजार, औषधाचे मूळ नाव व प्रमाण, आणि ते कोणत्या तारखेस संपते, हे एका वहीत असावे, संबंधितांच्या संमतीने. वही दोघांजवळ असावी, कपाटात नव्हे.

दुसरी, प्रत्येक वृद्धामागे त्याच आळीतील एक तरुण वा तरुणी नेमावी. तिने आठवड्यातून एकदा दार वाजवावे आणि ठरलेले प्रश्न विचारावेत: गोळी आहे का, किती उरली, पूर्ण घेता की अर्धी? आणि डबा प्रत्यक्ष पाहावा. तोंडी उत्तरावर विसंबू नये.

तिसरी, महिनाभराचे औषध नेहमी शिल्लक असावे. महाग पडत असेल तर डॉक्टरांना विचारून जनौषधी केंद्रातून त्याच मूळ नावाचे घ्यावे. इन्सुलिन घेणाऱ्यांच्या घरी उन्हाळ्यात वीज गेली तर ते कोठे ठेवायचे, हे आधीच ठरवावे. शीतकपाट नसेल तेथे पाण्याने भिजविलेले मडके उपयोगी पडते.

चौथी, प्रत्येक वाड्यात रक्तदाब मोजण्याचे एक यंत्र ठेवावे आणि ते वापरावयास दोघांना शिकवावे. सभागृहाला कुलूप लागले तरी पहिला रविवार वाड्यावाड्यांतून चालू राहिला पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी या आणीबाणीची समाप्ती जाहीर केली. ग्रहण सुटले. पण आपल्या देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी आणि रक्तदाबाचे ३१ कोटींवर रुग्ण असल्याचा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीतून त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. ही संख्या ग्रहणाबरोबर सुटलेली नाही. पुढचे संकट साथीचे असेल, पुराचे असेल वा आणखी कशाचे. गल्लीच्या तोंडाशी अडसर पुन्हा लागू शकतो. त्या दिवशी अडसराच्या आत कोणाच्या डब्यात किती गोळ्या आहेत, हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

मंडळाने पन्नास वर्षे गणपती बसविला, व्याख्याने केली, मुलांना मराठी शिकविले. यापुढे मंडळाने माणसांच्या डब्यांतही डोकवावे. काकूंचा तो अडकित्ता आम्ही जपून ठेवला आहे. आज सायंकाळी घरी गेल्यावर आपण प्रत्येकाने आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांचा डबा उघडून पाहावा, एवढीच आमची प्रार्थना आहे.